कारवान हाउंड

कारवान हाउंड (स्थानिक नाव: कारवानी) ही दख्खनच्या पठारावरील उंच, सडपातळ शिकारी कुत्र्यांची जात आहे. लातूर, नांदेडसह मराठवाड्यात ती पाळली जाते. कान व शेपटीवर लांब, रेशमी केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात.

'''दत्तक संगोपन'''

नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणे हा या जातीचा स्वभाव आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर निर्बंध असले, तरी ही वृत्ती कायम राहते. त्यामुळे सोडून दिलेला कारवानी दत्तक घेणाऱ्याकडे धावण्यासाठी कुंपण असलेली मोकळी जागा हवी. बाहेर नेताना पट्टा आवश्यक असतो. अनोळखी माणसांशी तो सावकाश जुळवून घेतो. पाळीव प्राण्यास उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे.