भीती पोटात असते, ती हळूहळूच उतरते

ईद झाली, शाळांना सुट्टी लागली की नगर जिल्ह्यातल्या घराघरांत सहलीची बोलणी सुरू होतात. कुणी भंडारदऱ्याचं नाव काढतं, कुणी शिर्डीच्या वॉटर पार्कचं. गेल्या काही वर्षांत मुलं आणखी एक नाव घेतात, इमॅजिका. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली हे उद्यान सुरू झालं आणि २०२२ मध्ये ते आपल्याच संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे आलं. इथल्या ‘नायट्रो’ नावाच्या रोलर कोस्टरची उंची सुमारे १३० फूट, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. रूळ उलटेसुलटे फिरतात आणि पायाखाली फळीसुद्धा नसते.

आमच्या घरातला पेच इथूनच सुरू झाला. थोरली मुलगी अकरा वर्षांची. पहिल्या खेपेला ती रांगेतून परत फिरली. चुलत भावंडांनी ‘डरपोक, डरपोक’ म्हणत परतीचा सगळा रस्ता गाजवला. पुढे शाळेची सहल निघाली तेव्हा ती म्हणाली, “अम्मी, मला जायचंच नाही.” सहल वॉटर पार्कची होती, तिथे रोलर कोस्टर नव्हताच. म्हणजे भीती आता पाळण्यापुरती राहिली नव्हती, चारचौघांत हसं होण्यापर्यंत पोचली होती. आम्हाला काळजी वाटली ती याची.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा उपाय सोपा होता: “एकदा धरून बसवा, आपोआप भीती जाईल.” आम्हाला तो पटला नाही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मूल आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवायचा. मूल शांत राहिलं की तो थोडा जवळ आणायचा. अखेरीस पीटर सशाला हात लावू लागला. भीतीवरच्या आजच्या उपचारांचं मूळ याच वाटेवर आहे. बळजबरीने बसवलेलं मूल मात्र दोन गोष्टी शिकतं: पाळणा वाईट आणि आईबाप ऐकत नाहीत.

आम्ही आधी तिला यंत्र समजावलं. रोलर कोस्टरच्या गाडीला बहुधा इंजिन नसतं. साखळी तिला चढावर ओढते, तिथून पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. चढताना जी टिकटिक ऐकू येते तिनेच निम्मी माणसं गारठतात. खरं तर तो आवाज गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या अडसराचा, म्हणजे सुरक्षेचाच. गाडीची चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालूनही असतात. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं. त्यांच्यामुळे गाडी रूळ सोडून उडू शकत नाही. आणि १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्पसन यांची पहिली गाडी धावली तेव्हा तिचा वेग होता ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपली सायकल त्याहून जोरात पळते! हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

पोटात गोळा येतो त्याचंही कारण आहे. गाडी खाली झेपावते तेव्हा बैठकीचा आधार क्षणभर सुटतो आणि आतले अवयव किंचित तरंगल्यासारखे होतात. अशा वेळी श्वास रोखला, डोळे घट्ट मिटले तर त्रास वाढतो, कारण पुढचं वळण शरीराला कळत नाही. नजर रुळावर ठेवायची, डोकं मागे टेकवायचं, उतारावर श्वास सोडायचा. पहिल्या खेपेला मधल्या डब्यात बसावं. शेवटच्या डब्याला उताराचा हिसका सर्वांत जास्त बसतो.

मग पायऱ्या. आधी बागेतला उंच झोका, मग छोटी घसरगुंडी, मग वॉटर पार्कमधली मोठी. प्रत्येक पायरी ती स्वतः ठरवायची आणि “आज नको” म्हणाली तर विषय तिथेच संपायचा. चुलत भावंडांना वेगळं बसवून समज दिली. सर्वांत अवघड काम तेच ठरलं.

उरूस-जत्रेतला आकाशपाळणा आम्ही या पायऱ्यांत मुद्दाम धरला नाही. तो गावोगाव सोडला-जोडला जातो. कडी नीट लागत नसेल, चालवणाऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये असेल, तर तिथे वाटणारी भीती शहाणी म्हणावी. उंचीच्या पाटीशी हुज्जत घालू नये, कारण बार त्या मापाच्या शरीरासाठीच बनवलेला असतो. हृदयविकार, मानेचं-पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी खालीच थांबावं. ओढणी, बुरख्याचा घोळ, स्कार्फचं टोक हे सगळं आवरून, पिना लावून, आत खोचूनच बसावं. चाकात कापड अडकणं ही साधी गोष्ट नाही.

यंदा पुन्हा गेलो. ती आधी कुटुंबासाठीच्या छोट्या कोस्टरवर आमच्यामध्ये बसली. चढावर माझा हात घट्ट धरला, ओठ हलत होते. उतरल्यावर म्हणाली, “परत.” तीन वेळा बसली. नायट्रोपाशी बराच वेळ मान वर करून पाहत राहिली आणि म्हणाली, “हा नाही.” कुणी काही बोललं नाही. तिथे बसली ती तिची फुफी, वय पंचेचाळीस, जी आजवर जत्रेतल्या घोड्यावरही बसली नव्हती. थोरली खाली फुफीच्या चपला, चष्मा आणि पर्स सांभाळत उभी राहिली आणि किंकाळ्यांत फुफीची कोणती, हे धाकट्याला ओळखायला लावत होती.