गाझियाबादची उकड

भाद्रपदात गाझियाबादचा पाऊस ओसरत आलेला असतो, पण उमस हटत नाही. अशा हवेत स्वयंपाकघरातला पंखा बंद ठेवून उकड मळायची म्हणजे घामाच्या धारा लागतात. पंखा लावला तर पारी वरून सुकते आणि कळी घेताना चिरते, म्हणून चतुर्थीच्या पहाटे वैशालीतल्या आमच्या ओट्याभोवती सगळे घाम पुसत उभे असतात.

पहाटेच, कारण उत्तर प्रदेशात या दिवसाची सरकारी सुट्टी नसते आणि केंद्राच्या दिल्लीतल्या कार्यालयांत ती ऐच्छिक. कुणाला साडेआठची मेट्रो गाठायची असते, कुणाच्या मुलांची शाळा असते. सारण रात्रीच करून ठेवता येतं, उकड मात्र ताजीच लागते. एकट्या बाईने एवढ्या वेळात एकवीस मोदकांचा नैवेद्य आणि शिवाय घरोघरीचे डबे उरकणं कठीण. इथली मराठी माणसं १९७४ साली सुरू झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यामुळे आली, हिंडनच्या हवाई तळावर बदलीने आली, अलीकडे नोएडातल्या नोकऱ्यांसाठी आली. आत्या, काकू, मोठ्या जाऊबाई सगळ्या हजार-दीड हजार किलोमीटरवर. गावाकडे जे हात घरातच असतात, ते इथे शेजारून बोलवावे लागतात, आणि माझ्या मते सणाला जमलेलं इथलं कुटुंब आरतीच्या वेळी नाही, या ओट्यापाशी तयार होतं.

सामान जमवायची सुरुवात पंधरा दिवस आधीच होते. इथल्या वाण्याकडे तांदूळ जितका जुना तितका मानाचा. पुलावाला तो उत्तमच, पण त्याचं पीठ मोदकाला कोरडं पडतं. त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीत आंबेमोहोर असतो, नाहीतर बेताचा जुना बासमती तुकडा घ्यायचा, धुऊन सावलीत वाळवायचा आणि चक्कीवाल्याला गव्हाच्या आधी, जातं साफ करून दळायला सांगायचा. हळदीची पानं हवी असतील तर राजीव चौकला गाडी बदलून आयएनए मार्केट गाठावं लागतं. गूळ मात्र दाराशी, मुझफ्फरनगरचा. तिथली गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास पेटतात, म्हणून भाद्रपदात मिळतो तो गेल्या हंगामातला, शीतगृहात राहिलेला. तो खोबऱ्यात जरा जास्त पाणी सोडतो. सारण कढईच्या कडा सोडेपर्यंत हलवत राहावं लागतं.

आता उकड. पिठाइतकंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर लोणी. पाणी खळखळलं की पीठ घालून ढवळायचं, झाकण ठेवून एक वाफ काढायची, आणि परातीत ओतून गरम असतानाच आधी वाटीच्या बुडाने रगडायची, मग पाण्याचा आणि तेलाचा हात लावून मळायची. पारी कडेला पातळ, मध्यभागी जाडसर. अंगठा आतून, दोन बोटं बाहेरून, आणि चिमटीने कळी वर ओढायची. कळ्या जवळजवळ हव्यात आणि तळापर्यंत जायला हव्यात, नाहीतर मोदक पोटात फुगतो आणि वाफेत फुटतो.

वरच्या मजल्यावरच्या मेरठच्या भाभीजींना हे कुणी शिकवावं लागलं नाही. होळीच्या गुजियांना मुरड घालून त्यांची बोटं तयार झालेली. पहिला मोदक त्यांनी उचलून पाहिला, “अच्छा, ये तो गोल गुजिया है,” म्हणाल्या आणि दुसऱ्यापासून त्यांच्या कळ्या आमच्या वहिनींपेक्षा बारीक पडल्या. वहिनींचे यजमान गावी कधी ओट्याकडे फिरकले नसतील. इथे ते पाऱ्या करतात, आणि चांगल्या करतात. चाळणीत ठेवण्याआधी प्रत्येक मोदक पाण्यातून काढायचा, म्हणजे चिरत नाही, हेही आता तेच सगळ्यांना सांगतात.

दहा-बारा मिनिटांची वाफ, मग नैवेद्य, घाईची आरती, आणि सातनंतर एकेक जण डबा घेऊन निघतो. निवांत बसणं, मोठी आरती, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनाकडची फेरी हे सगळं येत्या रविवारी.

उरलेल्या उकडीत हिरवी मिरची, जिरं आणि मीठ घालून निवगऱ्या थापतात. त्या कच्च्या तेलाबरोबर खायच्या. भाभीजींनी मोदक आवडीने खाल्ले, पण कृती लिहून नेली ती निवगऱ्यांची, आणि थंडीत त्यांच्याकडे त्या आता हिरव्या लसणीच्या चटणीबरोबर होतात.