प्लेगच्या वर्षात अडकलेली इतिहास-संशोधक

ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार मिळालेली, अमेरिकी लेखिका कॉनी विलिस यांची 'डूम्सडे बुक' ही विज्ञान कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. त्यातील ऑक्सफर्ड विद्यापीठाचे इतिहास-संशोधक २०५४ साली कालप्रवास करून प्रत्यक्ष भूतकाळात जातात.

किव्रिन ही विद्यार्थिनी १३२० सालच्या इंग्लंडला निघते. पोहोचते मात्र १३४८ मध्ये, प्लेगच्या तोंडी. काहीतरी बिघडल्याचे तंत्रज्ञ बद्री चौधरी यांच्या लक्षात येते, पण ते नीट सांगण्याआधीच ते तापाने कोसळतात. ऑक्सफर्डमध्येही एन्फ्ल्युएन्झाची साथ पसरते, येण्या-जाण्यावर बंदी येते आणि किव्रिनच्या सुटकेचे प्रयत्न खोळंबतात.

किव्रिनला प्लेगची लस टोचलेली असते. आश्रय देणाऱ्या कुटुंबाला वाचविण्याचे औषध मात्र तिच्यापाशी नाही. राजा विल्यमच्या आदेशाने १०८६ साली झालेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीवरून तिने आपल्या टिपणांना 'डूम्सडे बुक' हे नाव दिलेले असते. लोकजीवनाची ती टिपणे पाहता पाहता मृतांची नोंदवही होतात.

या भविष्यात मोबाइल फोन नाहीत, हे आज खटकते. साथीच्या काळात टॉयलेट पेपर संपत आल्याची विद्यापीठातील कर्मचाऱ्याची काळजी मात्र २०२० मध्ये अनेक देशांनी अनुभवली.