कुंपणावरचा ‘शेर’

इचलकरंजीतल्या आमच्या परसात कुंपणाला एक झाड होते. ना पान, ना काटा. नुसत्या पेन्सिलीएवढ्या गोल, हिरव्या कांड्या. मागांची खडखड ऐकत वर्षानुवर्षे उभे. पण त्याचे नाव विचारावे असे कुणाला वाटले नाही. एका रविवारी छाटणी करताना पांढरा चीक हातावर उडाला आणि तोच हात डोळ्याला लागला. तासाभरात डोळा उघडेना!

शेजारच्या आजींनी लांबूनच ओळखले, “अगं, हा तर शेर!” त्रिधारी निवडुंगाचा हा बिनकाट्यांचा भाऊबंद. चीक रुईलाही असतो, पण तिची रुंद पाने आणि जांभळट फुले लपत नाहीत. शेर मूळचा आफ्रिकेतला. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून आपल्याकडे बांधावर रुजला. मलबारातले त्याचे ‘तिरुकळ्ळी’ हे नाव लिनियसने १७५३ मध्ये शास्त्रीय नावातच घेतले.

चीक डोळ्यात गेला तर चोळू नये. निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठावा. तूप, दूध घालण्याचे घरगुती उपाय नकोत. अंगावरचा चीक साबणाने धुवावा.

माझा डोळा आठवड्याने निवळला. शेर अजून कुंपणावर आहे; छाटणीला मात्र चष्मा नि हातमोजे.