संगणकाने काढलेला आकडा समजतो कुणाला?

आम्ही ज्या कार्यालयात नोकरी करतो तिथे कर्ज विभागाची एक खिडकी आहे. गेली अनेक वर्षे त्या खिडकीमागची खुर्ची आमची. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतल्या एक मावशी हातात कर्जखात्याचा उतारा घेऊन खिडकीशी आल्या. इस्पितळात आयाचे काम करतात. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी एक लाखाचे कर्ज घेतले होते. व्याज १२ टक्के, मुदत पाच वर्षे, महिन्याचा हप्ता २,२२४ रुपये.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, बारा महिने हप्ता कापला गेला. सव्वीस हजारांच्या वर पैसा झाला. आन् ह्या कागदावर कर्ज पंधराच हजारांनी कमी दिसतंय. बाकीचा पैसा गेला कुठं?"

आम्ही कागद पाहिला. भरलेली रक्कम २६,६८८. शिल्लक ८४,४७७. दोन्ही आकडे बरोबर होते, आणि आम्ही उत्तर दिले, "मावशी, कॉम्प्युटरने काढलंय. तो चुकत नाही. व्याज असतं ना."

मावशींनी कागदाची घडी घातली आणि गेल्या. मागे रांग होती. पण त्यांचा चेहरा आम्ही विसरू शकलो नाही. आपल्याला फसवले गेले, आणि आपलाच माणूस त्यात सामील आहे, असे काहीसे त्या चेहऱ्यावर होते. आम्ही बी. कॉम. झालेलो. चक्रवाढ व्याज परीक्षेत सोडवलेले. मग तिथल्या तिथे समजावून का सांगता आले नाही? खरे सांगायचे तर अनेक वर्षांत ते गणित आम्ही हाताने केलेच नव्हते. खाते क्रमांक टाकायचा, बटण दाबायचे, छापून आलेला कागद खिडकीतून सरकवायचा, एवढेच आमचे काम उरले होते.

पुढे एका स्नेह्याच्या मुलीने आम्हाला एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. ती बी. एड. करते. पुस्तक लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या संशोधकांचे, २०१० सालचे. सिलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस, फिलिप केंट, आर्थर बॅकर आणि त्यांचे सहकारी. ही संस्था तेव्हा लंडन विद्यापीठाचा भाग होती, २०१४ च्या डिसेंबरात ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विलीन झाली. आम्ही ते पुस्तक रात्री जेवणानंतर शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. आणि वाचता वाचता दचकलो, कारण त्यात आमचीच खिडकी होती!

या मंडळींनी २००३ ते २००७ या काळात इंग्लंडमधले कारखाने आणि वित्तीय कंपन्या पाहिल्या. वेष्टन बनवणारे कारखाने, औषधांचे, मोटारींचे, आणि पेन्शन व गृहकर्ज विकणाऱ्या कंपन्या. प्रश्न साधा होता. सगळीकडे संगणक आले, हिशेब यंत्र करू लागले; मग कामगाराला आणि कारकुनाला आता गणिताची गरज उरली की नाही? वरवर पाहणारा म्हणेल, नाही उरली. संशोधकांना उलटे आढळले. बेरीज-वजाबाकीची गरज कमी झाली, पण यंत्राने काढलेला आकडा कशाचा बनलेला आहे, त्यातले काय हलवले की काय हलते, हे कळण्याची गरज वाढली. यंत्र आणि गणित यांच्या सांध्यावर असलेल्या या समजुतीला त्यांनी 'टेक्नो-मॅथेमॅटिकल लिटरसी' असे नाव दिले. आम्ही आपले त्याला यंत्रगणिताची साक्षरता म्हणू.

पेन्शन कंपनीची हकिकत आम्ही दोनदा वाचली. कंपनी दरवर्षी खातेदारांना एक विवरण पाठवते. तुमचे इतके जमले, इतके वाढले, निवृत्त व्हाल तेव्हा अंदाजे इतके मिळेल. विवरण हातात पडले की खातेदार चौकशी विभागाला विचारतो, हा आकडा आला कसा? चौकशी विभागातली माणसे सभ्य होती, कामाला चोख होती. पण आकडा कसा आला हे त्यांनाही सांगता येत नव्हते. आकडा त्यांच्या दृष्टीने एक शिक्का होता, डब्यावर चिकटवलेल्या लेबलासारखा. पडद्यावर आहे तो वाचून दाखवायचा. प्रश्न खोलात गेला की तो तांत्रिक विभागाकडे ढकलायचा. कंपनी आणि खातेदार यांच्यात पूल व्हावा म्हणून काढलेला कागद भिंत होऊन बसला होता.

संशोधकांनी या प्रकाराला 'मिथ्या गणित' अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. आकडे दिसतात, आलेख दिसतात, पण त्यांच्या आतला संबंध कुणाला दिसत नाही. आणि हे फक्त खालच्या पायरीवर नव्हते, सर्व पातळ्यांवरच्या माणसांत आढळले. हे वाक्य आम्ही पेन्सिलीने अधोरेखित केले आहे, कारण आपल्याकडे 'गणित कच्चे' हा ठपका नेहमी कुणावर ठेवला जातो हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मग त्यांनी काय केले? व्याख्याने झोडली नाहीत. कर्मचाऱ्यांना स्प्रेडशीट दिली आणि कंपनीच्या पडद्यामागे दडलेला हिशेब त्यांनाच पुन्हा उभा करायला लावला. व्याजदर बदला, काय होते पाहा. व्यवस्थापन खर्च कापला जातो तो काढून टाका, पुन्हा पाहा. ज्यांनी वर्षानुवर्षे फक्त शेवटचा आकडा पाहिला होता, त्यांना त्याची घडण दिसू लागली.

मोटारींच्या कारखान्यातली गोष्टही अशीच. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने १९२४ मध्ये उत्पादनावर लक्ष ठेवण्यासाठी एक तक्ता काढला. मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा, आणि मापे घेत टिंबे मांडत जायचे. शंभर वर्षांनंतरही कारखान्यांतून हा तक्ता चालतो. त्यावरून 'सी-पी' आणि 'सी-पी-के' असे दोन आकडे काढतात. बनणारा भाग ठरल्या मापात कितपत बसतो आहे, हे ते आकडे सांगतात. कामगारांना प्रशिक्षणात ते सूत्राने, हाताने काढायला शिकवत. कामगार सूत्र पाठ करीत आणि बाहेर आल्यावर विसरत. त्यांच्या लेखी तो साहेबांना दाखवायचा आकडा होता. संशोधकांनी संगणकावर एक साधे साधन बनवले. पडद्यावर मापांचा डोंगर. तो कामगाराने सरकवायचा, रुंद करायचा, अरुंद करायचा, आणि आकडा कसा बदलतो ते पाहायचे. सूत्र मागे राहिले, अर्थ पुढे आला. यंत्रावरचा कामगार आणि वरचा अभियंता एकाच चित्राकडे बोट दाखवून बोलू लागले.

अशा दोघांच्या मधल्या वस्तूला एक शास्त्रीय नाव आहे, 'सीमेवरची वस्तू'. १९८९ मध्ये सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रीसमर यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथील प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयाच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. तिथे प्राध्यापक होते, हौशी संग्राहक होते, रानात सापळे लावणारेही होते. प्रत्येकाचे जग वेगळे, पण नमुने आणि नोंदीचे कागद सगळ्यांच्या हातातून जाणारे.

त्याच संशोधकांचा परिचारिकांवरचा आधीचा अभ्यास तर आम्ही इस्पितळात काम करणाऱ्या प्रत्येक भगिनीला वाचून दाखवावा असा आहे. औषधाची मात्रा काढण्याचे एक सूत्र परिचारिकांना शिकवलेले असते. हवे किती, भागिले आहे किती, गुणिले ते किती द्रवात आहे. बाहेर विचारले तर सगळ्या हेच सूत्र सांगतात. पण संशोधक वॉर्डात शेजारी उभे राहिले तेव्हा दिसले की अनुभवी परिचारिका बहुतेकदा ते सूत्र वापरत नाहीत. त्या औषधाचे प्रमाण डोक्यात धरून दुप्पट, निम्मे, आणखी निम्मे असे करीत अचूक मात्रेवर पोचतात. म्हणजे कामातून त्यांनी स्वतःचे शास्त्र घडवले होते, आणि ते शास्त्र आहे हे त्यांनाच कुणी सांगितले नव्हते.

या विचाराचे मूळ आणखी मागे जाते. ब्राझीलमध्ये रेसिफे नावाचे शहर आहे. तेथे तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी १९८५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्यावर नारळ, भाजी, फळे विकणारी ९ ते १५ वर्षांची पाच मुले. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. इतके नारळ घेतले तर किती झाले? मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर. तीच गणिते मग कागदावर शाळेतल्यासारखी मांडून दिली, तर बरोबर आली फक्त ३७ टक्के! एका मुलाने ३५ चा नारळ, चार नारळांचे १४० हे तोंडी सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ करताना हातचा आधी मिळवून बसला आणि लिहिले २००. अर्थात पाचच मुले, छोटा अभ्यास. पण पुढे जगभर त्याचा दाखला दिला गेला.

आपल्या मुंबईतही असे काम झाले आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी घरोघरी छोटे उद्योग चालणाऱ्या एका मोठ्या वस्तीतल्या मधल्या इयत्तांच्या मुलांचा अभ्यास केला. जी मुले घरच्या कामाला हात लावतात त्यांच्याकडे मापांचे, पैशांचे, हिश्श्यांचे किती ज्ञान असते, आणि शाळेच्या फळ्यावर ते का उतरत नाही, हा त्यांचा विषय. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द ज्याच्या जिभेवर खेळतात तो अपूर्णांकात नापास होतो, हे आम्ही आमच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे पाहिले आहे.

नोकरी करणाऱ्याने शिकायचे कधी, हा प्रश्न आम्हा लोकांना नवा नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि सकाळच्या वर्गांमुळे नोकरदारांना पदवी घेता आली, हे घराघरांत ठाऊक आहे. पण प्रत्यक्ष कामाच्या जागी काय शिकले जाते, आणि काय शिकू दिले जात नाही, याकडे आम्ही कार्यकर्त्यांनीही कधी पाहिले नाही.

आजकाल कार्यालयातून 'ऑनलाइन प्रशिक्षण' असते. आमच्याकडेही असते. पडद्यावर कुणी तरी बोलत राहतो, आम्ही चहा पितो, शेवटी दहा प्रश्न. चुकले तर पुन्हा द्या, तेच प्रश्न. प्रमाणपत्र छापून फाइलला. यालाही तंत्रज्ञानाधारित शिक्षणच म्हणतात! लंडनच्या त्या अभ्यासाशी ताडून पाहिले तर फरक कळतो. तिथे कामगाराचाच रोजचा आकडा, रोजचा कागद शिकण्याचा विषय होता. इथे कुणाचाच नाही.

एक शंका मात्र आमच्या मनात राहिली. संशोधकांना दार उघडणारी शेवटी कंपनीच. कारकुनाला हिशेबाची घडण कळली तर तो खातेदाराला नीट समजावेल, हे कंपनीला हवे. पण तोच कारकून उद्या विचारेल, हा व्यवस्थापन खर्च इतका का? ते किती कंपन्यांना हवे असेल? आपल्याकडे 'फक्त बारा टक्के, फ्लॅट' म्हणून कर्ज विकणारे फिरतात. एक लाखाला पाच वर्षांचे साठ हजार व्याज सरळ मिळवतात, हप्ता येतो २,६६७. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज पूर्ण लाखावर. घटत्या बाकीने मोजले तर तोच दर वीस टक्क्यांच्या वर जातो. ही गोष्ट विकणाऱ्या पोराला तरी माहीत असते का, कोण जाणे.

पुस्तक संपल्यावर एका रविवारी आम्ही मावशींच्या घरी गेलो. सोबत मुलाची जुनी वही आणि साधा कॅल्क्युलेटर. संगणक मुद्दाम नेला नाही. वहीवर चार रकाने आखले. बाकी, व्याज, मुद्दलात गेले, नवी बाकी. पहिला महिना. बाकी एक लाख, त्यावर महिन्याला एक टक्का म्हणजे व्याज १,०००. हप्ता २,२२४, म्हणून मुद्दलात गेले १,२२४. नवी बाकी ९८,७७६. दुसऱ्या महिन्याचे व्याज मावशींच्या सुनेने काढले, ९८८. मुद्दलात १,२३६. तिसऱ्यापासून मावशीच सांगू लागल्या, "म्हणजे व्याज उतरत जाणार आन् मुद्दल चढत जाणार." बारा ओळी झाल्या. व्याजाची बेरीज ११,१६५. मावशींचा 'बाकीचा पैसा' तो हा. शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम २२ रुपये असेल, हेही सांगितले, तेव्हा त्या हसल्या.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आम्हाला खिडकीवर कुणी कधी विचारला नव्हता. "भाऊ, वर्षाच्या शेवटी बोनसचे सात हजार आले, ते ह्यात टाकले असते तर?"

८४,४७७ मधून सात हजार वजा केले, ७७,४७७. तिथून पुन्हा ओळी मोजत गेलो. वहीची तीन पाने भरली, सुनेने दोनदा चहा केला. अठ्ठेचाळीस हप्ते राहिले असते, ते त्रेचाळीसवर आले, वर थोडी चिल्लर. सात हजारांनी जवळजवळ पाच हप्ते, म्हणजे अकरा हजार वाचले असते. बोनस कपाटात गेला होता, टीव्हीच्या रूपाने.

मावशींनी ती पाने वहीतून अलगद फाडून घेतली. विहारात दर पौर्णिमेला बायका जमतात, तिघीचौघींवर कर्जे आहेत, त्यांना दाखवते म्हणाल्या. आम्ही म्हटले, आम्हीही येतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही या, पण सांगणार मी."