आजींची गोळी मोत्याला नको

आमच्या चाळीत मोत्या नावाचा थोराड कुत्रा होता. शेजारच्या गिरणी कामगाराने त्याला लेकरासारखा वाढवला. म्हातारपणी तो जिन्यात धापा टाकून बसू लागला, रात्री खोकू लागला. दवाखान्याचा खर्च झेपणार नाही, म्हणून घरच्यांनी आजींच्या हृदयविकाराच्या गोळ्यांतून त्याला दिल्या. आजींना दिवसाला एक. मोत्या दांडगा, म्हणून त्याला सकाळ-संध्याकाळ दोन! तिसऱ्या दिवशी मोत्याने अन्न सोडले, उलट्या सुरू झाल्या. आम्ही टेम्पोत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले.

चूक प्रेमापोटीच झाली होती. औषधही नेमके तेच निघाले. ती गोळी डिजॉक्सिनची. ही डिजिटॅलिस जातीच्या झाडाची देणगी. त्याच्या पानांच्या औषधी उपयोगावर विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी १७८५ साली पुस्तक लिहिले. पण या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. मूत्रपिंड थकलेले असले तर ते अंगात साचते. मोत्याचे तेच झाले.

वाचकहो, निरोगी कुत्र्याचे हृदयही एका चालीत चालत नाही. श्वास घेताना ठोके जलद, सोडताना संथ. छातीला हात लावून उगीच घाबरणारे आम्हांला पुष्कळ भेटले. त्याला औषध लागत नाही. मोत्याच्या हृदयाचे वरचे कप्पे मात्र नुसते थरथरत होते आणि खालचे वेडेवाकडे धावत होते. छातीवर ठोके जास्त, मांडीच्या आतल्या नाडीत कमी. ई.सी.जी. काढल्यावर खात्री झाली. अशा वेळी डिजॉक्सिन आणि डिल्टियाझेम पुष्कळदा जोडीने देतात. ठोके नियमित होतातच असे नाही, पण वेग उतरला की हृदयाला रक्ताने भरायला उसंत मिळते. बॉक्सर, डॉबरमन यांचा बिघाड बऱ्याचदा खालच्या कप्प्यांतला. तिथे सोटॅलॉल, मेक्झिलेटिन अशी निराळी औषधे.

डॉक्टरांनी गोळी बंद केली. मोत्या सावरल्यावर वजन करून, मूत्रपिंडाची तपासणी पाहून अगदी थोडी मात्रा ठरवली आणि आठवड्याने रक्तातले औषध मोजले. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, जेवण सोडले तर आधी आम्हांला कळवा, असे त्यांनी दोनदा बजावले.

नंतर आजींचा डबा फळीवर गेला. शेजाऱ्याची शाळकरी मुलगी रोज रात्री झोपलेल्या मोत्याचे मिनिटाचे श्वास मोजून वहीत लिहीत असे. आकडा तिसाच्या वर गेला की सकाळी दवाखाना.