जीवदया आणि गोठ्यातील निरीक्षण

पाथरी परिसरात लाल कंधारी व देवणी गायींबरोबर दुधासाठी पाळलेल्या संकरित गायीही दिसतात. व्यापारी कुटुंबे चातुर्मासात अथवा वडीलधाऱ्यांच्या पुण्यतिथीस गोशाळेला चाऱ्यासाठी देणगी देतात. चारा पोहोचल्याची पावती मिळते; तो प्रत्येक गायीने खाल्ला का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. यांतील शेवटचा केवळ दुर्लक्षानेही घडतो. आजारी गाय गव्हाणीपासून मागे सरते, बलिष्ठ गायी तिचा वाटा खातात आणि भरल्या गव्हाणीसमोर ती उपाशी राहते.

म्हणून निरीक्षण आवश्यक ठरते. चारा टाकताच निरोगी गाय उठून येते. तिचे डोळे स्वच्छ, नाकपुडी ओलसर, कातडी तुकतुकीत असते. दिवसभरात ती सुमारे ७ ते ८ तास रवंथ करते. डाव्या कुशीवर मूठ टेकवल्यास मिनिटाला एक-दोनदा पोटाची हालचाल जाणवते. शरीराचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते, तर विश्रांतीत श्वास मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा चालतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी गायी धापा टाकतात. त्यामुळे श्वास पहाटेच्या गारव्यात मोजावा. शेण पाण्यासारखे पातळ वा खड्यासारखे कडक नसावे. दुधाच्या पहिल्या धारेत गुठळ्या दिसल्यास किंवा कास गरम व सुजलेली असल्यास कासदाहाची शंका घ्यावी.

दुभत्या गायीचे दूध घटले की मालक लगेच सावध होतो. भाकड व वृद्ध गायींच्या बाबतीत ही सूचना मिळत नाही. गोशाळेत बहुधा त्याच असतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लंपी चर्मरोग पसरला, तेव्हा अंगावर गाठी येण्यापूर्वीच ताप, डोळ्यांतून पाणी आणि मंदावलेली भूक ही लक्षणे दिसत. ती ओळखून गाय वेगळी बांधणे आणि माश्या, डास, गोचिडांचा बंदोबस्त करणे इतरांच्या रक्षणासाठी महत्त्वाचे होते.

शंका येताच पशुवैद्यकास बोलवावे. त्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. देणगीदारांनी पावतीबरोबरच प्रत्येक गायीच्या खाण्याची, रवंथाची व शेणाची दैनिक नोंदवही पाहण्यास मागावी. दिलेला घास गायीच्या पोटात पोहोचला, याचा पुरावा त्या वहीतच मिळेल.